आफ्रिका आणि पश्चिम आशिया: देश पाठ करण्याआधी पाऊस कुठे पडतो ते बघा

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. एक, आफ्रिका आणि पश्चिम आशिया हा घटक अभ्यासक्रमात एकत्र का ठेवलाय, वाळवंट सोडलं तर दोघांत समान आहे तरी काय? दोन, देश, राजधान्या, नद्या, सरोवरं पाठ करूनही आठवड्याभरात सगळं पुसलं का जातं? सोबत हेही लिहिलंय की तुम्ही डिचोलीचे, पदवी वाणिज्य शाखेची, आणि भूगोल दहावीनंतर सुटला तो सुटलाच.

मी फोंड्याच्या बाजूला उच्च माध्यमिकला भूगोल शिकवतो. ही तक्रार घेऊन येणाऱ्यांची स्मरणशक्ती बहुतेक वेळा चांगलीच असते. गडबड सुरुवातीलाच होते: ते सगळ्यांत आधी राजकीय नकाशा उघडतात. आफ्रिकेत संयुक्त राष्ट्रांचे 54 सदस्य देश, वर पश्चिम आशियातले डझनभर. हा देश इथेच का, इतकाच का, हे त्या नकाशातून कळत नाही, आणि ज्याला कारण नाही ते डोक्यात टिकत नाही. माझ्या मते तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. जमीन कुठे फाटली आणि पाऊस कुठे पडतो, हे आधी बघा. देश सगळ्यांत शेवटी.

मात्र हे सगळं तुमच्या हातात किती वेळ आहे यावर अवलंबून आहे. परीक्षा वस्तुनिष्ठ आणि पंधरा दिवसांवर असेल, तर निमूटपणे पाठांतर करा, माझं उत्तर नंतर वाचा. दोन-तीन महिने असतील, किंवा वर्णनात्मक पेपर असेल, तर पुढचं उपयोगी पडेल.

आधी 'एकत्र का' ते घेऊ. वर्गात मी एक प्रयोग करायला लावतो, तो तुम्ही घरी करा. ॲटलासमधून ईशान्य आफ्रिका आणि अरबस्तानचा आराखडा ट्रेसिंग पेपरवर उतरवा, कार्डबोर्डवर चिकटवा आणि तांबड्या समुद्राचे दोन्ही किनारे कात्रीने कापून मधली समुद्राची पट्टी काढून टाका. आता दोन्ही तुकडे एकमेकांकडे सरकवा. सुएझपासून खाली एरिट्रियापर्यंत किनारे छान बसतात. पण तळाशी येमेनचा नैऋत्य कोपरा आफ्रिकेवर चढतो. मुलांना वाटतं, कात्री चुकली. कात्री बरोबर असते. येमेन ज्यावर चढतो तो इथिओपिया-जिबुतीतला अफारचा सखल त्रिकोण, आणि तिथली बरीचशी जमीन जुनी नाहीच. फट रुंदावत गेली तसा खालून लाव्हा येऊन ती तयार झाली. समुद्र मिटवायचा तर तिला जागा उरत नाही, म्हणून दोन कागद एकावर एक येतात.

म्हणजे भूशास्त्राच्या हिशेबाने अरबस्तान हा आफ्रिकेचाच तुकडा. साधारण 3 कोटी वर्षांपूर्वी तो सुटायला लागला आणि आजही वर्षाला सुमारे एक-दीड सेंटीमीटरने दूर जातोय. अफारमध्ये तीन भेगा एकत्र येतात: एक तांबडा समुद्र, दुसरी एडनचं आखात, तिसरी दक्षिणेकडे मोझांबिकपर्यंत गेलेली पूर्व आफ्रिकेची खचदरी. 2005 मध्ये अफारच्या दाब्बाहू भागात काही आठवड्यांत सुमारे 60 किलोमीटर लांबीची भेग पडली. पुस्तकात जे 'कोट्यवधी वर्षांत घडतं' ते लोकांनी डोळ्यांदेखत पाहिलं.

ही भेग एकदा हाताला लागली की पाठांतराची अर्धी यादी तिच्यावर आपोआप ओवली जाते. उत्तरेला मृत समुद्र, समुद्रसपाटीपासून 430 मीटरहून खाली. जिबुतीतलं असाल सरोवर, सुमारे 155 मीटर खाली. दक्षिणेला टांगानिका, 1470 मीटर खोल, जगात बैकलखालोखाल. मग मलावी सरोवर. भेगेच्या आजूबाजूला वर आलेले ज्वालामुखी म्हणजे किलिमांजारो (5895 मीटर) आणि माउंट केनिया. इथिओपियाचं पठारसुद्धा लाव्ह्याच्या थरांचं, आपल्या सह्याद्रीसारखंच बेसॉल्टचं, फक्त वयाने सह्याद्रीच्या निम्म्याहून लहान. एक सापळा लक्षात ठेवा: व्हिक्टोरिया सरोवर भेगेत नाही. ते खचदरीच्या दोन फाट्यांच्या मधल्या उथळ खोलगटात आहे, म्हणून क्षेत्रफळाने आफ्रिकेत पहिलं असूनही खोली जेमतेम 80 मीटर. परीक्षकांचा हा आवडता प्रश्न.

अरबस्तानचा तुकडा इकडून सुटला म्हणजे तिकडे कुणाला तरी धडकणारच. तो इराण आणि तुर्कस्तानला रेटतो. त्या रेट्याने इराणमधल्या झाग्रोस पर्वताच्या वळ्या उठल्या, आणि फेब्रुवारी 2023 चा तुर्कस्तान-सीरियातला भूकंपही त्याच रेट्यातला. तेलही याच हिशेबात येतं. जुन्या उथळ समुद्राचा गाळ, वर मिठाचे किंवा चिकणमातीचे घट्ट थर आणि तेल अडकून राहील अशा वळ्या, हे सगळं एकाच पट्ट्यात जुळून आलं. इराणमध्ये 1908 ला तेल लागलं, सौदीत दम्मामजवळ 1938 ला. तेलाबद्दल तुम्ही इतकं वाचलेलं असणार की मी इथेच थांबतो.

आता पाऊस. आफ्रिका हा एकच खंड असा की कर्कवृत्त, विषुववृत्त आणि मकरवृत्त तिन्ही त्यातून जातात. त्यामुळे विषुववृत्तावर घडी घातल्यासारखे पट्टे दिसतात. मध्ये काँगोचं सदाहरित रान, दोन्ही बाजूंना सॅव्हाना म्हणजे गवताळ प्रदेश, मग उत्तरेला सहारा तर दक्षिणेला कालाहारी-नामिब, आणि दोन्ही टोकांना हिवाळी पावसाचा भूमध्य सागरी पट्टा. म्हणून अल्जीयर्स आणि केपटाउन दोन्हीकडे द्राक्षं होतात. सूर्य जसा उत्तर-दक्षिण सरकतो तसा पावसाचा पट्टा मागून सरकतो. जुलैत तो साहेलपर्यंत, म्हणजे सहाराच्या दक्षिण कडेच्या पट्ट्यापर्यंत चढतो, जानेवारीत झांबिया-झिंबाब्वेकडे उतरतो. एवढं कळलं की वीस-पंचवीस देशांचं हवामान वेगळं पाठ करावं लागत नाही.

घोळ होतो पूर्वेला. सोमालिया विषुववृत्तावर आहे, मग तिथे काँगोसारखं रान का नाही? मुलं इथे अडतात, आणि याचं उत्तर आपल्या दारातच आहे. जून ते सप्टेंबर दक्षिण हिंदी महासागरातून निघालेला वारा विषुववृत्त ओलांडतो आणि पूर्व आफ्रिकेच्या उंच पठारांना टेकून वळतो. डोंगरांच्या कडेने दाबला गेल्यामुळे जमिनीपासून एक-दीड किलोमीटर उंचीवर त्याचा वेगवान झोत होतो. फिंडलेटर या हवामानशास्त्रज्ञाने 1969 मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. हा झोत सोमालियाच्या किनाऱ्याला समांतर वाहतो, आत शिरत नाही. शिवाय तो किनाऱ्याजवळचं पाणी समुद्राकडे ढकलतो, तळाचं गार पाणी वर येतं आणि गार पाण्यावर पाऊस धरत नाही. सोमालिया कोरडा राहतो. तोच वारा पुढे अरबी समुद्रावर वाफ गोळा करत आपल्या किनाऱ्यावर येतो आणि सह्याद्रीला आपटतो. गोव्यात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बराचसा याच वाऱ्याचा. केनिया-इथिओपियाचे डोंगर नसते तर आपला जुलै असा नसता.

वाटेत या वाऱ्याची एक कड ओमानच्या दक्षिण टोकाला लागते. सलालामध्ये जून ते सप्टेंबर धुकं आणि रिमझिम असते, ढोफारचे डोंगर हिरवे होतात, आणि डोंगर ओलांडला की लगेच कोरडं. अरबस्तान म्हणजे सगळी वाळू, असं कुणी म्हणालं की मी हे उदाहरण देतो. माझ्या वर्गात मस्कत-सलालाला नातेवाईक असलेलं एखादं मूल असतंच, ते मोबाइलवरचे फोटोच दाखवतं. येमेनचा डोंगराळ भागही उन्हाळी पाऊस घेतो. तिथल्या उतारांवर पायऱ्या पाडून केलेली शेती आणि कॉफी त्या पावसावरच.

आतापर्यंतचं थोडक्यात: एक मोठं पठार, त्याला पडलेली एक लांब भेग, भेगेच्या काठाने उंच झालेले डोंगर आणि त्या डोंगरांमुळे वाकडा झालेला पाऊस. आता माणसं कुठे राहतात ते बघू, आणि इथे माझा सगळ्यांत लाडका मुद्दा येतो.

या पट्ट्यातली दाट वस्तीची कोरडी ठिकाणं घ्या. कैरोत वर्षाला जेमतेम 25 मिलिमीटर पाऊस. तरी इजिप्तमध्ये 11 कोटींवर माणसं, त्यातली जवळपास सगळी देशाच्या पाचेक टक्के जमिनीवर, नाईलच्या काठाने आणि मुखाजवळ. हे पाणी इजिप्तचं नाही. अस्वानला पोचणाऱ्या पाण्यापैकी सुमारे 85 टक्के इथिओपियाच्या पठारावरून, मुख्यतः निळ्या नाईलमधून येतं. व्हिक्टोरिया सरोवराकडून येणारी पांढरी नाईल लांबीने मोठी, पण तिचं निम्मं पाणी दक्षिण सुदानच्या सुद्द दलदलीत पसरून वाफ होऊन जातं. इराकचं तसंच. टायग्रिस आणि युफ्रेटिस दोन्ही तुर्कस्तानच्या डोंगरात उगम पावतात. 1990 च्या जानेवारीत अतातुर्क धरण भरायला तुर्कस्तानने युफ्रेटिसचा प्रवाह महिनाभर अडवला तेव्हा खाली सीरिया-इराकमध्ये केवढा गहजब झाला. बोत्स्वानातला ओकावांगोचा त्रिभुज प्रदेश अंगोलाच्या पावसावर. मालीतली नायजर नदी गिनीच्या डोंगरातून येते: अटलांटिकपासून अडीचशे किलोमीटरवर उगम पावून समुद्राकडे पाठ फिरवते, सहाराच्या उंबरठ्यावर टिंबक्टूपर्यंत जाते आणि मग वळून गिनीच्या आखाताकडे येते. तेलाइतकंच हे दुसऱ्याच्या डोंगरावर पडलेलं पाणी या प्रदेशाचं राजकारण ठरवतं.

तुम्ही डिचोलीचे, तुम्हाला हे मी काय सांगणार. म्हादईचा उगम कर्नाटकात भीमगडच्या रानात, तिथून ती सत्तरीत उतरते आणि खाली मांडवी होते. तिच्या कळसा-भांडुरा या फाट्यांचं पाणी वळवण्यावरून आपल्याकडे किती वर्षं ताणाताणी चाललीय. 2018 च्या लवादाच्या निवाड्यात गोव्याला 24, कर्नाटकाला 13.42 आणि महाराष्ट्राला 1.33 टीएमसी (अब्ज घनफूट) असं वाटप झालं, तरी वाद मिटला नाही. वरचा म्हणतो, पाऊस माझ्या डोंगरावर पडतो. खालचा म्हणतो, नदी पिढ्यान्‌पिढ्या माझ्याकडे वाहत आलीय. आता नाईलवर हेच ठेवा. 1959 च्या करारात इजिप्त आणि सुदानने आपसात 55.5 आणि 18.5 अब्ज घनमीटर असं वाटून घेतलं, एकूण 74. इथिओपियाला विचारलंच नाही. पुढे इथिओपियाने निळ्या नाईलवर महाकाय धरण बांधलं, सप्टेंबर 2025 मध्ये त्याचं उद्घाटन झालं, आणि त्याची साठवण क्षमताही 74 अब्ज घनमीटरच. योगायोग असेल, पण आकडा विसरणार नाही. तुलनेत एक फरक ठेवा: म्हादई आटली तर आपलं नुकसान मोठं आहे, पण आपल्या अंगणात पाऊस तरी पडतो. इजिप्तकडे दुसरं काहीच नाही. वर्णनात्मक पेपरात हा फरक लिहिलात तर तपासणाऱ्याला कळेल की तुम्ही नुसती बातमी वाचलेली नाही.

उलट बाजूही बघा. इथिओपियात 12 कोटींवर लोक, आणि बहुतेक उंचावर. वर हवा गार, माती लाव्ह्याची सुपीक, पाऊस पुरेसा आणि मलेरिया कमी. रवांडा-बुरुंडीचंही तेच. याउलट काँगोचं रान एवढं हिरवं असून वस्ती विरळ. सततच्या पावसाने मातीतली अन्नद्रव्यं धुऊन जातात, मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरतं. ही माती तुम्हाला अनोळखी नाही. डिचोलीकडे घरं ज्या चिऱ्याची बांधतात, त्याच जातीचा जांभा आफ्रिकेच्या दमट पट्ट्यात सर्रास आहे. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, भातशेती का करत नाहीत हे तुम्हाला ठाऊक आहे, तेच तिथे लावा. शिवाय गुरांना रोग देणाऱ्या त्सेत्से माशीमुळे या पट्ट्याच्या मोठ्या भागात गुरंढोरं टिकत नाहीत. बैल नाही, म्हणजे नांगर नाही आणि शेणखतही नाही.

आता नद्या आणि वाहतूक. मांडवीतून खनिजाच्या बार्जी मुरगावला जाताना तुम्ही लहानपणापासून बघितल्या असतील. हे जमतं, कारण आपल्या नद्या शेवटच्या टप्प्यात सपाटीवर येतात आणि भरती-ओहोटीचं पाणी आत लांबवर शिरतं. आफ्रिकेचं पठार बऱ्याच ठिकाणी समुद्राजवळच एकदम तुटतं. काँगोत विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंचं पाणी येतं, त्यामुळे एका बाजूला कोरडा ऋतू असला तरी दुसरीकडे पाऊस असतो आणि नदी वर्षभर भरलेली. पण किन्शासा ते मातादी ती धबधब्यांच्या माळेतून खाली कोसळते, जहाज जाऊच शकत नाही. शेवटी तो तुकडा टाळायला रेल्वे बांधली, ती 1898 मध्ये पुरी झाली. युरोपीय लोक चार शतकं किनाऱ्यावर बंदरं धरून बसले आणि आतला भाग त्यांना नीट माहीत नव्हता, याचं मोठं कारण हे पठार आणि दुसरं मलेरिया.

सीमा बघताना हाच डोळा वापरा. 1884-85 च्या बर्लिन परिषदेत पट्टी ठेवून रेघा ओढल्या, हे सगळेच लिहितात, पण बहुतेक रेघा त्यानंतरच्या करारांतून आल्या. एखादी रेघ उलगडून दाखवा. नामिबियाच्या ईशान्य कोपऱ्यातून एक लांब चिंचोळी पट्टी पूर्वेला गेलेली दिसते, ती कॅप्रिव्ही. 1890 च्या करारात जर्मनीने ती घेतली, कारण तिच्या टोकाला झांबेझी लागते आणि त्या नदीने हिंदी महासागरापर्यंत जाता येईल अशी आशा होती. खाली वाटेत 108 मीटरचा व्हिक्टोरिया धबधबा आहे, त्याचं काय करायचं हा प्रश्न राहिलाच. पट्टी मात्र आजही नकाशावर तशीच आहे. आणखी एक आकडा: आफ्रिकेत 16 देशांना समुद्र नाही. 1993 मध्ये एरिट्रिया वेगळा झाल्यावर इथिओपियाही त्यांत गेला आणि त्याचा व्यापार जिबुतीच्या बंदरावर टेकला.

राहिली माणसांची सरमिसळ, 'एकत्र का' चं दुसरं उत्तर. तांबडा समुद्र दक्षिणेला बाब-अल-मंदेबपाशी सुमारे 30 किलोमीटरचा. तो कधी अडसर नव्हता. इथिओपियाची अम्हारिक ही अरबी आणि हिब्रूच्याच कुळातली भाषा, सहाव्या शतकात उत्तर इथिओपियातल्या अक्सूमच्या राजांनी येमेनवर राज्य केलं. पुढे पूर्व किनाऱ्यावर बांटू भाषेत अरबी शब्द मिसळून स्वाहिली वाढली, ती मोंबासा-झांझिबारच्या बंदरांतून. मराठी वाचकाला याचं सगळ्यांत जवळचं उदाहरण मलिक अंबर. जन्म इथिओपियाचा, गुलाम म्हणून विकला जाऊन येमेन-बगदाद करत दख्खनेत आला, निजामशाहीचा वजीर झाला आणि 1626 मध्ये वारला. औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) त्याच्या नावाची नहर आहे, जमिनीखालून पाणी आणणारी. हीच रीत इराणात आणि ओमानात शेकडो वर्षं चालत आलेली. एका माणसाच्या चरित्रात अख्खा घटक येतो. जंजिऱ्याचे सिद्दी आणि आपल्या शेजारी हल्याळ-यल्लापूरच्या रानातले सिद्दी हेही त्याच समुद्रवाटेचे.

गोव्याचा धागा तर सरळच आहे. 1752 पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातून चालायचा. ब्रिटिश अमदानीत गोंयकार कारकुनी आणि शिवणकामासाठी नैरोबी, कंपाला, दारेसलामला गेले. 1972 मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनने आशियाई लोकांना युगांडातून हाकललं तेव्हा त्यांत तेही होते. नंतरच्या पिढीने आखात धरलं. तुमच्या वाड्यावर चौकशी करा, दोन्हींपैकी एक तरी ठिकाण निघेल.

प्रत्यक्ष अभ्यासाचं असं करा. कोऱ्या आराखड्यावर पहिल्या दिवशी फक्त भेग, पठारं आणि डोंगर. दुसऱ्या आराखड्यावर पावसाचे पट्टे आणि वारे. तिसऱ्यावर नद्या, आणि प्रत्येक नदीच्या उगमाशी कुणाचा डोंगर आहे ते. देशांच्या सीमा त्यानंतर, ट्रेसिंग पेपरवर, म्हणजे खालचे तिन्ही दिसत राहतील. राजधान्या शेवटच्या आठवड्यात घोका, त्यांना खरंच दुसरा इलाज नाही. भिंतीवर लावायचा जगाचा नकाशा मर्केटर प्रक्षेपणाचा घेऊ नका. त्यात ग्रीनलंड आणि आफ्रिका सारखेच दिसतात, आणि प्रत्यक्षात आफ्रिका चौदापट मोठी आहे.

इजिप्त कोणत्या बाजूला धरायचा, हेही तुम्ही शेवटच्या ओळीत विचारलंय. भूगोलाच्या पेपरात आफ्रिकेत धरा, फक्त सिनाई आशियात, कारण 1869 मध्ये खुल्या झालेल्या सुएझ कालव्याची रेघ सीमा मानली जाते. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या पेपरात मात्र इजिप्त पश्चिम आशियाच्या प्रश्नांतच येतो. इराण आणि तुर्कस्तान घ्यायचे की नाही, ते तुमच्या अभ्यासक्रमाच्या छापील प्रतीत 'नैऋत्य आशिया' लिहिलंय की नुसतं 'अरब देश', त्यावर ठरवा. दोन्ही देश अरब नाहीत, ही चूक उत्तरपत्रिकेत फार दिसते.